केनवडच्या वाटेवरचा उतार

केनवडच्या वाटेवर नदीत मोटार बुडाली, ती हकीगत मी आजवर निदान शंभर वेळा सांगितली असेल. खरी मात्र एकदाही सांगितली नाही. एका मासिकात ती छापूनही आली होती. पुण्यात कुणाच्या घरी जेवायला गेलो की यजमान पानाचा डबा पुढे सारीत आणि म्हणत, “ती वऱ्हाडातली गंमत होऊ द्या.” मग मी ती होऊ देत असे. लोक पोट धरून हसत. त्या गमतीत एक अडाणी खेडवळ होता, त्याने मला चुकीची वाट सांगितली होती, आणि मी बिचारा शहरी माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून बुडालो होतो.

हे खोटे आहे. खरे काय ते मी पस्तीस वर्षे टाळले. गेल्या हिवाळ्यात ते ज्याचे त्याला सांगून यावे म्हणून मी पुन्हा त्या वाटेने गेलो. त्या प्रवासाचे हे वर्णन आहे. मोटारींविषयी यात पुष्कळ येईल. तो माझा जुना शौक आहे आणि या वयात तो सुटायचा नाही. मुख्य गोष्टही येईल.

जर्मन-जपानची लढाई संपून दुसरा हिवाळा चालू होता. माझा भाचा वसंत वाशीमला एका जिनिंग कारखान्याचा व्यवस्थापक आहे. त्याचे पत्र आले की, मामा, नवी मोटार घेतली आहे. तुमच्याशिवाय तिची पारख कोण करणार? चार दिवस या. वाशीमहून केनवड किती लांब, हे मला नकाशात पाहावे लागत नाही.

अकोल्याच्या स्टेशनाबाहेर सकाळच्या कोवळ्या उन्हात ती उभी होती. अमेरिकी बनावटीची, गर्द निळी, लढाईनंतर आलेल्या पहिल्या खेपेतली. मी सामान वसंताच्या हाती दिले आणि तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. सगळे अंग पोलादाचे. छप्परसुद्धा पोलादाचे, आमच्या वेळी कॅनव्हासची घडी असे आणि पाऊस आला की चौघांनी उतरून ती ताणून बसवायची, तोवर पाऊस थांबलेला असे. काचा आत बसल्याबसल्या मूठ फिरवून वर-खाली होतात. गियरचा दांडा पूर्वी पायांमधून जमिनीतून उगवल्यासारखा असे, तो आता स्टिअरिंगच्या चाकाखालीच बसवला आहे, त्यामुळे पुढे तिघे ऐसपैस बसतात. वसंताने एक गुंडी दाबली आणि इंजिन सुरू झाले. सुरू झाले हे मला कळले नाही. मी बॉनेटवर तळहात ठेवला तेव्हा कळले, मांजर मांडीवर घेतल्यावर कळते तसे.

ज्यांनी हॅंडल मारून मोटारी सुरू केल्या आहेत त्यांनाच या गुंडीची किंमत समजेल. माझे उजवे मनगट अजून पावसाळ्यात दुखते. हॅंडल उलटे फिरून बसलेला तो फटका आहे. आजच्या तरुणांना कुठलेच मनगट गहाण न ठेवता मोटार मिळते, याचा मला हेवा वाटत नाही, आनंदच वाटतो. एकच तक्रार केली. नव्या गाड्यांची नाके फार फुगलेली; पुढचे चाक कुठे आहे ते चालवणाराला दिसत नाही. वसंत म्हणाला, दिसायचे कशाला, ते आपले आपण जाते. चाक आपले आपण कुठे कुठे जाते, ते मला माहीत होते.

पातूरपर्यंत रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, शेतांत वेचणाऱ्या बायांच्या रांगा, आणि कापसाने भरलेल्या बैलगाड्या अकोल्याकडे निघालेल्या. पातूरनंतर घाट लागतो. हा घाट मी पहिल्यांदा चढलो तो उलट्या तोंडाने. अतिशयोक्ती नाही. तेव्हाच्या त्या मोटारीत पेट्रोलची टाकी सीटखाली असे आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे वाहत जाई. चढ फार उभा झाला की इंजिन टाकीपेक्षा उंच होई, आणि पेट्रोल काही वर चढत नाही. मग गाडी वळवायची आणि रिव्हर्स गियरमध्ये, मान मागे मुरगळून, घाट पाठीने चढायचा. त्या दिवशी घाटात एक गाडीवान बैल थांबवून माझ्याकडे बघत होता. त्याने विचारले होते, “मोटर उलटी कायले चालून राह्यली हो? रुसली काय?”

वसंताने मोटार तो घाट तिसऱ्या गियरमध्ये, एका हाताने, बोलत बोलत चढवली. अर्ध्या चढावर मात्र रेडिएटरमधून वाफ निघू लागली तेव्हा माझे जुने मन जरा सुखावले. आम्ही पिंपळाखाली थांबलो. झाकण कापडाने धरून सावकाश कसे उघडावे ते मी त्याला दाखवले, झऱ्याचे पाणी घातले, आणि माझाही काही उपयोग आहे हे सिद्ध झाले.

माथ्यावरून पुढे निघाल्यावर मी त्याला म्हटले, “आता जोरात घे आणि एकदम ब्रेक लाव.”

त्याने तसे केले. गाडी सरळ रेषेत, न डगमगता, चारही चाकांवर बसल्यासारखी उभी राहिली. तेलाचे ब्रेक; पायाचा जोर नळीतून चारही चाकांना सारखा पोचतो. मी दोनदा तसे करायला लावले. तिसऱ्यांदाही सांगितले असते, पण वसंत माझ्याकडे विचित्र नजरेने पाहू लागला. त्या जुन्या मोटारीला ब्रेक मागच्या दोनच चाकांना होते. पट्टे ओले झाले की तेही नव्हतेच म्हणायचे. त्यामुळे अनोळखी रस्त्यावर मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत असे, पुढे उतार आहे का? चढाची मला भीती नव्हती. उताराची होती. हा प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावा.

वाशीमला दुपारी पोचलो. संध्याकाळी वसंताच्या कारखान्याच्या अंगणात रोडग्यांचा बेत होता. रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे) फोडून त्यावर तुपाची धार आणि जोडीला वांग्यांची झणझणीत भाजी. माझ्या कवळीने रोडग्यापुढे हार मानली. मी तो वरणात कुस्करून खाल्ला. जेवताना वसंताने कारखान्याच्या माणसांना माझी ‘वऱ्हाडातली गंमत’ सांगितली. माझ्यापेक्षा चांगली सांगितली. लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे एकही लकब सुटली नाही. लोक हसले. एक म्हातारा मुकादम तेवढा हसला नाही. वाढायला आलेल्याला तो म्हणाला, वांगी घाल, आणि मान खाली घालून जेवत राहिला. मी वसंताला सांगितले की उद्या केनवडला जाऊ. त्याला फार आनंद झाला. मामांना गंमत जिथे घडली ती जागा पाहायची आहे, असे त्याला वाटले.

सकाळी रिठदला चहासाठी थांबलो. हॉटेलासमोर एक फटफटी उभी होती. लष्करी हिरव्या रंगाची, लिलावात निघालेली. कुठल्या आघाडीवर धावून आली कोण जाणे. आता तिच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या करंड्या बांधलेल्या होत्या आणि त्यांत वांगी आणि कोथिंबीर भरलेली होती. मालक तिशीचा तरुण, गावचाच बागायतदार. भाजी घेऊन रोज वाशीमच्या बाजारात जातो. मला ती फटफटी मोटारीहून अधिक आवडली हे कबूल करतो. मोटारीत सगळे झाकलेले असते. फटफटीत सगळे उघडे, नांगरासारखे. सिलिंडर दिसतो, साखळी दिसते, काय बिघडले ते शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला सारखेच दिसते. चौकट इतकी भक्कम की माझ्या हाताला कुठेच लवली नाही. त्याने मला सांगितले की पेट्रोलवर सुरू करतो आणि तापली की नळ फिरवून रॉकेलवर चालवतो. इंजिनाला हे चांगले नाही, असे मी म्हटले. तो म्हणाला, इंजिनाला नसेल, पण पेट्रोलच्या कुपनांना चांगले आहे.

मग मी उगाच विचारले की बैलापेक्षा ही बरी का.

“साहेब, बैल चारा खाते, पन घरी त आनते,” तो म्हणाला. “हे बंद पडली का मंग आपल्यालेच बैल व्हा लागते.”

वसंत खूप हसला. मी चहाची बशी खाली ठेवली आणि ज्यासाठी इतक्या लांब आलो होतो ते विचारले. केनवडच्या वाटेवर नदीकाठी मळा असलेले सोनाजी म्हणून कुणी होते, ते आहेत का?

“सोनाजी बुढा? हाये ना. मेथी लावून राह्यला. डोयानं कमी दिसते, पन मेथी सोडत नाई.”

तो जिवंत असेल ही मला आशा होती. तो नसेल ही त्याहून थोडी मोठी आशा होती, हेही लिहून टाकतो.

रिठदहून आम्ही नदीकडे निघालो. इथेच खरी हकीगत सांगतो.

त्या वर्षी मी मुंबईच्या एका मोटार विकणाऱ्या पेढीत नोकरीला होतो. गिऱ्हाइकाच्या दारात मोटार पोचती करायची आणि त्याच्या माणसाला चालवायला शिकवायची, हे माझे काम. केनवडकडच्या एका देशमुखांनी मोटार घेतली होती. त्या भागातली पहिलीच. अकोल्याहून ती घेऊन मी एकटा निघालो. हस्ताचा पाऊस आदल्या दिवशी पडून गेला होता. देशमुख नदीच्या पलीकडच्या काठावर हार, गुलाल आणि वाजंत्री घेऊन माझी वाट पाहत होते. ही व्यवस्था मला ठाऊक नव्हती. वाटेत नदी आहे हेही मला नीट ठाऊक नव्हते. त्या नदीला नकाशात काही नाव असेल. तिथले लोक नुसते ‘नदी’ म्हणतात. पूल नव्हता.

नदीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक मळा होता आणि बांधावर एक चाळिशीचा माणूस उभा होता. हाच सोनाजी. त्या नदीवर गाड्यांना वाट सांगणे हे त्याच्या घराण्याकडे होते. पात्रात एक काळा दगड आहे. त्याचा माथा दिसला तर गाडी घालायची, नाही दिसला तर बैल सोडून काठावर बसायचे. सोनाजीच्या शब्दावर बाजाराच्या गाड्या नदीत उतरत किंवा थांबत. मला यातले काही माहीत नव्हते. मी इंजिन न थांबवता, फक्त वेग कमी करून, माझा नेहमीचा प्रश्न ओरडून विचारला, “पुढे उतार आहे का हो?”

त्याने हात हलवून सांगितले, “उतार नाई आज.”

मला हवे होते तेच उत्तर मिळाले. उतरण नाही, रस्ता सपाट आहे. मी वेग वाढवला. मागून तो काही ओरडत पळत येत होता. खेड्यातले लोक मोटारीमागे पळतातच, असे मला वाटले. बाभळींचे एक वळण आले, त्यापुढे दरड कापून केलेली उभी उतरण, आणि तिच्या तळाशी गढूळ पाणी. ब्रेकचे पट्टे ओले होते. पलीकडच्या काठावर वाजंत्री वाजू लागली, आणि मी पाण्यात शिरल्यावर थांबली.

गाडी सीटपर्यंत बुडाली. मला पोहता येत नाही. मी सीटच्या पाठीवर उभा राहून ओरडत होतो. सोनाजी कमरेला दोर बांधून पाण्यात आला, मला पाठुंगळीवर घेऊन काठावर ठेवले, परत गेला, दोर गाडीच्या आसाला बांधला, आणि आपल्या बैलांकडून ती ओढून काढली. तोवर दुपार झाली. पाणी ओसरल्यावर देशमुख घोड्यावरून अलीकडे आले. नव्या मोटारीच्या दिव्यांतून पाणी गळत होते. त्यांनी मला विचारले, “नदीले उतार नाई, हे तुमाले वाटेत कोनी सांगतलं नाई काय?”

त्या क्षणी मला कळले. ‘उतार’ म्हणजे नदी चालून ओलांडण्याजोगी असणे. शाळेत कुठेतरी वाचलेला अर्थ. पण आमच्याकडे नदीवर पूल असतात आणि उतार फक्त रस्त्याला असतो. सोनाजीने मला सावध केले होते, आणि मी ती परवानगी समजलो होतो. आणखी एक गोष्ट कळली. तो ‘आज’ म्हणाला होता. रस्त्याचा उतार काही आज असतो आणि उद्या नसतो असे होत नाही. तो शब्द मी स्वच्छ ऐकला होता, आणि उत्तर सोयीचे होते म्हणून त्याच्यापाशी थांबलो नव्हतो.

भोवती चाळीस-पन्नास माणसे होती. वऱ्हाडात जाऊन वऱ्हाडी कळली नाही म्हणून पेढीची मोटार बुडवली, हे कबूल करायचे तर नोकरी गेलीच होती. मी म्हणालो, “विचारलं होतं ना. हा म्हणाला, उतार आहे.”

एका ‘नाही’चे ‘आहे’ केले, एवढेच.

सोनाजी ओल्या धोतरानिशी समोर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, एखादे ओझे उचलायला मदत हवी का असे पाहतात तसे. मग तो देशमुखांना म्हणाला, “साहेबाले तसं आयकू आलं असन.”

बुडत्या मोटारीतून मला बाहेर काढणाऱ्या माणसाने मला हा दुसरा दोर टाकला होता. मी ‘हो, असेल’ म्हणालो असतो तरी सगळे तिथेच मिटले असते. मी म्हणालो, “मला चांगलं ऐकू येतं.”

देशमुखांनी लोकांकडे वळून सांगितले, “आजपासून याच्या सांगन्यावर कोनी नदीत गाडी घालू नोका.”

माझी नोकरी राहिली. पेढीने मोटार दुरुस्त करून दिली. वर्षभराने मी ती हकीगत मासिकासाठी लिहिली आणि त्यात सोनाजीला थोडा तोतरा केला, म्हणजे लोक अधिक हसतील.

वसंताने मोटार थांबवली तेव्हा समोर नदी होती. आता तिच्यावर रपटा (पुराचे पाणी वरून वाहून जाऊ देणारी दगडी फरशी) आहे. हिवाळ्याचे पाणी, घोट्याएवढे, नितळ. काळा दगड जागच्या जागी होता. त्यावर एक खंड्या बसला होता. दरड अजून तशीच उभी आहे, पण नवी मोटार ती अशी उतरली की चहाचा पेला हातात असता तर हिंदकळला नसता.

तिथून वळून वर मळ्यापाशी आलो. मळा मोठा देखणा होता. मेथीचे वाफे, त्यांच्या कडेने कांद्याची रांग, विहिरीवर मोट चालू. सोनाजी वाफ्यात उकिडवा बसून बोटांनी चाचपत तण उपटत होता. पंच्याहत्तरीचा असेल. गुडघे सुजलेले, अंगावर जुनी बंडी. मी आगगाडीत पाठ केलेली वाक्ये मनात पुन्हा एकदा म्हटली. ती मी वऱ्हाडीत जुळवली होती, म्हणजे या वेळी तरी अर्थ चुकायला नको. पण माझ्याआधी वसंत बोलला. त्याने मोठ्याने, कौतुकाने सांगितले की बाबा, पस्तीस वर्षांपूर्वी या नदीत ज्यांची मोटार बुडाली ना, ते हे, माझे मामा.

सोनाजीचे हात थांबले. काठीवर भार देऊन तो उठला, जवळ आला, आणि डोळे बारीक करून माझा चेहरा पाहू लागला. सुनेला हाक मारून त्याने बाज टाकायला सांगितली. मी बसलो. तो बसला नाही. त्याने हात जोडले.

“तुमची माफी मांगाची राहून गेल्ती साहेब,” तो म्हणाला. “माह्याच्यानं तुमची नवी मोटर बुडाली.”

मला वाटले तो टोमणा मारतो आहे. मारला असता तर किती बरे झाले असते. पण तो अगदी सरळ बोलत होता, बऱ्याच वर्षांत तयार झालेले बोलणे. सुरुवातीला त्याला खात्री होती की आपण ‘नाही’च म्हणालो. बायकोलाही तसेच सांगितले. मग हळूहळू खात्री गेली. शिकलेला माणूस, त्याला खोटे बोलून काय मिळणार? आपल्याशी त्याचे वैर थोडेच होते? म्हणजे आपल्याच तोंडून ‘नाई’च्या जागी ‘हाये’ निघाले असणार. कसे निघाले ते देवाला ठाऊक.

मी विचारले, मग नंतर गाड्यांना उतार सांगितला नाही का?

सांगितला, तो म्हणाला. देशमुखांनी मना केले तरी दोन वर्षांनी लोक परत आले. त्यांना दुसरे कोण होते? पण तोंडाने पुन्हा कधी सांगितला नाही. पूर आला की स्वतः पाण्यात उतरायचा, पलीकडे जाऊन परत यायचा. परत आला की गाड्या घालायच्या. पाणी छातीच्या वर चढले की मध्येच वळायचा, आणि गाडीवान समजून जायचे. रपटा होईपर्यंत तो असाच पाण्यात जात राहिला. एका साली वाहून गेला आणि अर्ध्या कोसावर बाभळीला अडकला. गुडघे त्याच पाण्याने गेले.

“आपल्या जिभेवर भरोसा नाई राह्यला ना मंग,” तो म्हणाला. “अंगावर होता.”

सुनेने गूळ घातलेला चहा आणून दिला होता. मी पेला खाली ठेवला. मी म्हणालो, “सोनाजीबुवा...” त्याने मान पुढे केली. वसंत शेजारीच उभा होता. मामा आता काय बोलतात म्हणून त्याचा चेहरा आधीच हसरा झालेला होता. वाक्य ओठांपर्यंत आले होते.

आणि मी म्हणालो, “जाऊ द्या हो. जुनी गोष्ट आहे. मी कधीच विसरलो.”

सोनाजीने माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. त्याच्या बोटांना मेथीचा वास येत होता.

मग तो मोकळा झाला. मोटार पाहायची म्हणाला. तिच्या अंगावरून तो हात फिरवत गेला, दिवे, दार, टायरची नक्षी, जसे तण चाचपत होता तसा. हिला भोंगा कुठे आहे विचारले. वसंताने वाजवून दाखवला तेव्हा लहान मुलासारखा हसला. मी त्याला पुढे माझ्या शेजारी बसवले. दरडीवर वसंताने ब्रेक लावून गाडी मध्येच उभी केली, फक्त दाखवण्यासाठी. सोनाजी म्हणाला, हे अशी उभी राह्यते त मंग मानसाले कायले इचारा लागते? रपट्यावरून पलीकडे गेलो आणि परत आलो. उतरताना सुनेने मेथीच्या चार जुड्या मागच्या सीटवर ठेवल्या.

परतताना वसंत म्हणाला, मामा, तुमचे मन फार मोठे आहे. मी त्याला वेग थोडा कमी करायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी पातूरचा घाट उतरलो. या मोटारींविषयी माझे मत विचाराल तर त्या फार चांगल्या आहेत. उन्हापावसात माणसाला कोरडे ठेवतात, चढावर रुसत नाहीत, उतारावर शब्दाला जागतात. अकोल्याच्या फलाटावर वसंताने मेथी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. घरी पोचेपर्यंत ती कोमेजली होती. तरी मी ती एकट्याने निवडली आणि बायकोला भाजी करायला दिली.

त्यानंतर मी तीनदा पत्र लिहायला बसलो. सोनाजीला वाचता येत नाही. पत्र गावात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणजे आणखी चार माणसे ऐकणार. ऐकावीत, म्हणून तर लिहायचे होते. तिन्ही वेळा मी ‘येथील सर्व क्षेम’ या शब्दांपलीकडे गेलो नाही. आषाढात वसंताचे पत्र आले. मागचे टायर बदलले, पेट्रोलची कुपने आणखी कमी झाली, आणि खाली एका ओळीत, तुमचा तो उतारवाला म्हातारा गेला.

आगगाडीत पाठ केलेले अजून पाठ आहे. ते इथे ठेवतो.

सोनाजीबुवा, तुमची जीभ चुकली नव्हती. ‘उतार नाई आज’ असंच तुमी म्हनले होते. मले आयकू आलं होतं.